नकाशावरची रेघ

आमचे हे महिनाभर शाहूपुरीतल्या घराबाहेर पडलेले नाहीत. नेपाळ, तिबेट करत कैलासापर्यंत पायी जायचंय, म्हणून रोज सकाळी भिंतीवरच्या नकाशात पेन्सिलनं पुढच्या मुक्कामापर्यंत रेघ ओढतात, एवढंच.

मग तळपायांना फोड कशाचे?

रेघेनं नदी ओलांडली, त्या दिवशी ह्यांची विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली. आज रेघ बर्फाच्या खिंडीत पोचली आणि पायाची बोटं निळी पडली.

मला काही समजेना. "अहो, पुरं करा आता!" म्हणत मी खोडरबर घेतलं आणि खिंडीपासून कोल्हापूरपर्यंत सगळी रेघ पुसून टाकली.

हे समोरच खुर्चीत बसले होते. आवाज मात्र फार लांबून, वाऱ्यातून आल्यासारखा आला.

"अरुणा, रस्ता पुसलास व्हय? आता मी माघारी कुठनं येऊ?"