नळी समोर

वर्नाच्या पिस्तूल-परवान्याच्या परीक्षेतल्या शेवटच्या दोनच गोळ्या राहिल्या होत्या, आणि नेमकी तेव्हाच तापलेली पुंगळी तिच्या शर्टात शिरली.

ती तिची नव्हतीच. डावीकडच्या डेनीच्या पिस्तुलातून गोळी सुटल्यावर उडालेली रिकामी पितळी पुंगळी सरळ हिच्या गळ्यातून आत. अमेरिकेतल्या केंटकीतला ऑगस्टचा उकाडा, म्हणून बाईनं वरची दोन बटणं उघडी टाकली होती. "गळ्यापर्यंत बटणं लावा, मग माझ्या नावानं ओरडू नका," असं हॅचर मास्तरानं सकाळीच सगळ्यांना बजावलं होतं. पण ऐकेल ती वर्ना कसली!

मागच्या बाकावर तिची लेक डार्ला बसली होती. मायलेकींचं ठरलं होतं. पास झाली, तर एकाहत्तर वर्षांच्या आईनं कमरेला पिस्तूल लावून डोंगरावरच्या घरात खुशाल एकटं राहावं. नापास झाली, तर मुकाट्यानं सामान बांधून लेकीकडे शहरात यावं. गेल्या खेपेला ती नापास झालीच होती. नेम चुकला म्हणून नव्हे, "बरोबर लागली का रे?" असं विचारायला ती पिस्तुलासकट मागे वळली होती. सगळी रांग भुईसपाट! हॅचरनं तिला तिथूनच घरी पाठवलं होतं.

"अगं आई गं!" वर्ना किंचाळली. पाय जागच्या जागी थयथय नाचायला लागले. हात मात्र हलले नाहीत. पिस्तुलाची नळी समोरच्या पुठ्ठ्याच्या माणसावरच.

"वर्नाबाई, काय झालं?" हॅचर मागून धावला.

"काय व्हायचंय? भाजतेय मी!"

"मग थांबा ना!"

"थांबते कसली! दोन राहिल्यात!"

धाड. धाड.

मग तिनं बोट चापावरून काढलं. पिस्तूल सावकाश, नीट बघून, कमरेच्या होल्स्टरमध्ये सरकवलं. त्यावर शर्ट ओढला. आणि त्यानंतर बाई जी काय नाचली म्हणता! पुंगळी टुणकन खाली पडेपर्यंत अख्खी रांग पोट धरून हसत होती. डेनी तेवढा टोपी हातात घेऊन माफी मागत होता.

हॅचर डोळे पुसत पुठ्ठ्याच्या माणसाजवळ गेला. "बाकीच्या छातीत आहेत. शेवटच्या दोन मात्र... एक खांद्यावर, एक कानात."

"बहिरा झाला मेला. आणखी काय हवं?"

"पास!" हॅचर ओरडला. "कान गेला खड्ड्यात. अंगाला चटके बसतायत आणि नळी वळली नाही, वर्नाबाई. मला तेवढंच बघायचं होतं."

टाळ्या पडल्या. वर्नाचा आनंद गगनात मावेना. तिनं डेनीचाच गालगुच्चा घेतला.

डार्ला टाळ्या वाजवत नव्हती. थंड पेयांच्या डब्यातला बर्फ रुमालात बांधून ती आली आणि आईच्या भाजल्या जागी धरून उभी राहिली.

"झालीस पास," ती म्हणाली.

"झाले."

"मी देवाला सांगितलं होतं, नापास कर म्हणून."

"त्यानं पुंगळी पाठवून पाहिली की बिचाऱ्यानं!"

डार्लाला हसू आलं, आणि त्यातच रडूही फुटलं. "खोली रंगवून ठेवली होती गं मी. पिवळी. तुला आवडते तशी."

इतका वेळ पोरीला आपली काळजी आहे एवढंच वर्नाला वाटत होतं. पोरीला आपण हव्या आहोत, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिनं लेकीच्या हातातला बर्फ बाजूला केला आणि ओल्याच हातानं तिचे डोळे पुसले.

"रंग वाळलाय का?"

"कधीचाच."

"मग या शनिवारी येते. पाहुणी म्हणून हं! आणि पाहुणीला आग्रह करकरून ठेवून घ्यायचं असतं, एवढं तरी शिकवलंय ना मी तुला?"