दुसरं पिवळं कार्ड

शिट्टी वाजली आणि शाळेच्या हॉलमधला गलबला एकदम थांबला. शिट्टीकाकांना सभेचं अध्यक्ष केलं होतं ते एवढ्याचसाठी. जन्मभर फुटबॉलचे सामने सांभाळलेला रेफ्री. वस्तीतल्या भांडखोरांना आवरायला दुसरा कोण मिळणार?

विषय होता स्टेडियमचा. शेजारच्या मोकळ्या मैदानावर ते बांधायचं आणि त्यासाठी मैदानालगतची दुकानांची रांग पाडायची. त्या रांगेत काकूंचं शिवणाचं दुकान होतं. आणि काकांचं म्हणाल, तर आपल्या वस्तीत गॅलरीवालं खरंखुरं स्टेडियम व्हावं हे त्यांचं तरुणपणापासूनचं वेड. पण अध्यक्षाने मत द्यायचं नव्हतं. बरोबरी झाली तरच. म्हणून तर नवराबायको गुण्यागोविंदाने एकत्र आले होते.

इंजिनिअर नकाशावर छडी फिरवत होते. "इथे मुख्य दरवाजा येईल..."

"तिथे माझं मशीन आहे!" काकू ताडकन उठल्या.

काकांनी खिशातून पिवळं कार्ड काढलं. हॉलभर हशा पिकला.

"अहो, मला दाखवताय?"

"मधे बोलायचं नाही. नियम सगळ्यांना सारखा."

"घरी चला, मग सांगते नियम," म्हणत काकू बसल्या खऱ्या, पण किती वेळ? इंजिनिअरांच्या तोंडून 'जुनाट टपऱ्या' हे शब्द निघाले मात्र, काकूंनी पुढे जाऊन त्यांच्या हातातली छडीच काढून घेतली.

दुसरं पिवळं. पाठोपाठ लाल. सवयीचा हात तो, डोक्याला विचारायला थांबतो कशाला? काकू तरातरा बाहेर गेल्या आणि खिडकीशी उभ्या राहून आत डोळे वटारू लागल्या.

मग हात वर झाले. मोजले, पुन्हा मोजले. बरोबरी!

"काका, आता तुमचं मत!" स्टेडियमवाले बाकं बडवायला लागले. काका कुठल्या बाजूचे हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं.

काकांची नजर मात्र खिडकीकडे गेली. खिडकीबाहेरचा एक हात मोजला गेला नव्हता. तो आत असता तर बरोबरी झालीच नसती. त्यांनी नकाशातल्या त्या गॅलऱ्यांकडे एकदा डोळे भरून बघून घेतलं.

"माझं मत विरोधात," ते म्हणाले आणि कुणी काही बोलायच्या आत शिट्टी फुंकली.

घरी जाताना काकू झपझप पुढे चालत होत्या. कोपरा आल्यावर म्हणाल्या, "तुम्हाला तर हवं होतं."

"होतं काय, अजून हवंय. पण तू आत असतीस तर आम्ही हरलोच असतो."

"म्हणजे ते दुसरं पिवळं चुकीचं होतं. कबूल करा."

"छे! कार्ड अगदी बरोबर होतं."

काकूंनी कपाळावर हात मारला. हसू मात्र त्यांना काही केल्या लपवता येईना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानात खेळ रंगात आला, तेव्हा काकूंनी गिऱ्हाइकांचं बाक ओढत ओढत मैदानाच्या कडेला नेलं. वर एक उशी ठेवली.

"बसा. ही तुमची गॅलरी."

ते बघून शेजारच्या सायकलवाल्याने स्टूल आणलं, न्हाव्याने खुर्ची. बघता बघता कडेला रांग लागली. काका ऐटीत मधोमध बसले आणि लगेच ओरडले, "अरे ए, ऑफसाइड! डोळे कुठे आहेत तुझे?"

दुकानाच्या दारातून काकूंचा हात वर गेला. हातात पिवळ्या कापडाचा चौकोन होता, चारी कडा नीट दुमडून शिवलेला. लाल कमरेला खोचलेला होता.