चार वाजताची भूक

"हा पाचवा," लेक म्हणाली आणि तिने बादलीवरचं फडकं बाजूला केलं.

तळी दुरुस्त करणारा तळेवाला काल नुसता पंप बघून गेला होता; आज त्याने मेलेला केशरी मासा उलटसुलट करून पाहिला. जखम नाही, खवले शाबूत, कल्ले तेवढे काळवंडलेले. परसातल्या तळ्याचं पाणी वाटलेल्या पाल्यासारखं हिरवं झालं होतं. उरलेले सात मासे पंपावर चालणाऱ्या छोट्या धबधब्याच्या धारेखाली तोंड वर काढून हवा गिळत होते.

"कधीपासून चाललंय हे?"

"दोन महिने. मला परदेशात नोकरी लागली आणि घराला जणू दृष्टच लागली. जायची तारीख दोनदा पुढे ढकलली, काका. आज साडेचारच्या आत शेवटचं कळवायचंय." तिने आवाज खाली आणला. "दोष तळ्याचा असेल तर मी निघते. पण आई विसरून पुन्हा पुन्हा खायला घालत असेल, तर तिला एकटीला टाकून कशी जाऊ? उद्या गॅस विसरेल."

माशांच्या खाद्याची महिन्याची पिशवी आठ दिवसांत संपत होती. लेक दिवसभर ऑफिसात. आईला विचारावं तर एकच उत्तर: सकाळी आठला एक मूठ, बस्स.

आई मागच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होती. रडून तिचे डोळे सुजले होते. प्रत्येक मासा गेला तेव्हा ती जेवली नव्हती.

"मला काही झालेलं नाही गं," ती म्हणाली. "तू जा खुशाल. माझं मी बघते."

तळेवाल्याने नळीत तळ्याचं पाणी घेऊन तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं ते गडद हिरवं झालं, म्हणजे अमोनिया चढलेला. पंप ठणठणीत होता. गाळणी उघडली तर आत खाद्याच्या फुगलेल्या गोळ्यांचा लगदा. जास्तीचं खाद्य कुजतं, त्यावर शेवाळ पोसतं आणि रात्री तेच शेवाळ पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. सरळ हिशेब होता, पण तो सांगण्याआधी त्याने गाळणी धुऊन परत बसवली.

"तळ्यात काही बिघाड नाही, ताई. खाद्यच फार पडतंय."

"म्हणजे आईच." लेकीचा चेहरा पडला. ती फोन आणायला आत गेली.

तळेवाला तिथेच उकिडवा बसला. त्याच्या आईने अखेरच्या वर्षी त्यालाच "तुम्ही कोण?" म्हणून विचारलं होतं. हा शिक्का कुणा म्हातारीवर घाईने मारणं त्याच्या जिवावर आलं.

तेवढ्यात मासे हलले. धापा टाकणारे सातही जण धबधबा सोडून पायरीजवळच्या कोपऱ्यात आले आणि तोंडं उघडून थांबले. त्याने घड्याळ पाहिलं. चार वाजले होते. काल पंप तपासायला आला तेव्हाही ते याच वेळी, याच कोपऱ्यात गोळा झाले होते.

मासा वेळ शिकतो, पण रोज एकाच ठोक्याला खायला मिळालं तरच. विसरभोळा माणूस दहा वाजता घालेल, बाराला घालेल. त्याला चार म्हणजे चार कसे जमतील?

तो आनंदाने उठलाच.

"काकू, तुम्ही काही विसरत नाही! घड्याळ लावून घालताय तुम्ही! थांबा, ताईंना फोन करू नका म्हणून सांगतो..."

म्हातारीने त्याची बाही धरली. पकड चांगलीच घट्ट होती.

आतून लेकीचा आवाज येत होता. "नाही सर, मला यायला जमणार नाही. हो, हे शेवटचंच. दुसऱ्या कुणाला तरी द्या ती जागा."

फोन ठेवल्याचं ऐकू येईपर्यंत म्हातारी हलली नाही. मग तिने बाही सोडली.

"पाच मासे गेले," ती हलकेच म्हणाली. "लेक राहिली."