कुंदा

सिलिंगच्या कायद्यात सरकारनं पंजाबराव पाटलाची जमीन काढली आणि तिचा एक तुकडा बौद्धपुऱ्यातल्या उकंडाच्या नावावर केला, तेव्हा पाटील हसतच म्हणाला होता, "ने लेका. कुंदाच हाय तिथं सारा."

ते खोटं नव्हतं. कुंदा म्हणजे मुळीचं एक पेर जरी मातीत राहिलं तरी पुन्हा वर येणारं गवत. भागिरथा आणि उकंडा, नवराबायको, भर उन्हाळ्यात कुदळीनं खणत राहिले, मुळ्यांचे ढीग धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, वाळवून जाळत राहिले. शेवटी काळी माती मोकळी, भुसभुशीत होऊन पडली.

पाटलाची दमणी, बैलांची हलकी गाडी, वावराच्या कडेच्या रस्त्यानं रोज न थांबता जायची. आज ती धुऱ्याशी थांबली. पाटील खाली उतरला, मूठभर माती हातात चुरली आणि म्हणाला, "उकंडराव, वावर मस्त काढलं तुमी."

उकंडा हरखला. भागिरथाचा हात मात्र कुदळीवरच थांबला. जन्मभर 'उकंड्या' म्हणणाऱ्या तोंडून आज 'राव' निघालं होतं.

दमणी दिसेनाशी झाली तशी ती लगबगीनं धुऱ्यावर गेली आणि अजून न जाळलेल्या ढिगातल्या ओल्या मुळ्या वेचून ओच्यात भरू लागली.

"काय करून राह्यली वं?"

"रस्त्याच्या बाजूनं परत लावतो. कुंदा होता तवर वावर आपलं होतं."

उकंडानं दमणी गेली त्या वाटेकडे एकदा पाहिलं. मग कुदळ उचलली आणि तिला खड्डे करून देऊ लागला.