शिरपूरपर्यंत थांबायचं नाही

नगावच्या फाट्यावर पहिला हात वर झाला.

हात निंबा मास्तरांचा होता. गेली अकरा वर्षं तो शाळेच्या दिवशी, सकाळी साडेनऊला, त्याच लिंबाखाली वर होत होता. हिलालचा उजवा पाय ब्रेककडे निघाला, अर्ध्या वाटेत थबकला आणि परत जागेवर आला. टॅक्सी मास्तरांच्या पुढून निघून गेली. मागची सीट रिकामी आहे, हे मास्तरांना नीट दिसलं.

"एक," शेजारी बसलेला रुपचंद म्हणाला. तो रस्त्याकडे बघतच नव्हता. हिलालच्या पायाकडे बघत होता.

रुपचंदचं धुळ्यात आग्रा रोडला गॅरेज होतं. तिथं त्यानं एक जुनी फियाट शर्यतीसाठी तयार केली होती. जानेवारी सत्त्याऐंशीपासून नवा मोसम, चार शर्यती, पहिली मद्रासला. शर्यतीत रोज रस्त्यावर दिसतात त्याच गाड्या, फक्त मागच्या सीटा काढलेल्या. गाडी एक आणि चालवायला दोघं. एक रुपचंदचा मेहुणा रतिलाल. तो कुणासाठीच थांबत नसे, सख्ख्या सासऱ्यासाठीसुद्धा. दुसरा हिलाल. धुळे-शिरपूर काळी-पिवळी, सतरा वर्षं.

चालवण्यात हिलालला तोड नव्हती. अडचण वेगळीच होती. मागच्या मोसमात मद्रासला तो अकरा फेऱ्या तिसरा होता. अकरा फेऱ्यांत त्याला कुणी "थांब रे" म्हटलं नाही, कुणी "जरा सरका" म्हटलं नाही, कुणाची कोंबडी पायात आली नाही. आयुष्यात पहिल्यांदा गाडी तिच्या मनानं चालली होती. बाराव्या फेरीला वळणावर एक माणूस पिवळं निशाण हलवत उभा होता. पुढे गाडी आडवी झालीय, जपून जा, एवढंच त्याला सांगायचं होतं. हिलालनं गाडी कडेला घेतली, वाकून डावं दार उघडलं आणि विचारलं, "कुठं जायचं?"

त्या माणसाला मराठी येत नव्हतं.

म्हणून ही परीक्षा. आपलीच टॅक्सी, आपलाच रस्ता, आपलीच माणसं. शिरपूरपर्यंत कुणासाठीही ब्रेक लागला, की फियाट रतिलालची. हिलालला त्या अकरा फेऱ्या पुन्हा हव्या होत्या. इतक्या, की आजचं त्यानं घरी बेबाबाईलाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिनं आधी नवऱ्याचं कपाळ गरम आहे का ते बघितलं असतं.

देवभान्याला मेथीच्या पाट्या घेतलेल्या दोघी. "दोन, तीन," रुपचंद म्हणाला. सोनगीरला उखर्डू आबा. लेकीच्या लग्नाचा हंडा घेतलेला, दोन्ही हात गुंतलेले. आबांनी हंडाच वर केला.

"शेठ, हंडा मोजायचा का?"

"मोजायचा."

हंडा मागे गेला.

नरडाण्याच्या फाट्यावर वच्छलाबाई होती. सत्तरीची. दर बुधवारी ती शिरपूरला लेकीकडे जायची. तिनं हात केला नाही. तिनं तो कधीच केला नव्हता. टॅक्सी दिसली की खाली ठेवलेली पिशवी उचलायची, बस. आजही उचलली. हिलाल समोर बघत राहिला. आरशात ती बराच वेळ दिसत होती, पिशवी तशीच उचललेली. गाडीला थांबायला आज जरा जास्त जागा लागतेय, एवढंच तिला वाटत असावं.

रुपचंदनं हा आकडा मोजला नाही. रुमाल काढून चष्मा पुसला.

तापीचा पूल गेला. ब्रेक पहिल्यांदा लागला तो शिरपूरच्या स्टँडसमोर.

"जानेवारीत मद्रास," रुपचंद म्हणाला. "रतिलालला मी सांगतो."

दोघांनी शेवभाजी खाल्ली. रुपचंदचं गावात काम होतं, त्यात तीन तास गेले. तेवढा वेळ हिलाल बॉनेटला टेकून मद्रासची वळणं बोटानं हवेत काढत होता. परत निघताना त्यानं विचारलं, "आता थांबलं तर चालेल ना, शेठ?"

"आता कुठंही थांब."

हिलाल नरडाण्याला थांबला. कुणी नव्हतं. सोनगीरला थांबला. कुणी नव्हतं. देवभान्याला झाडाखाली मेथीच्या दोन पाट्या होत्या, वर ओलं फडकं टाकलेलं. बाया नव्हत्या.

"रागावली सगळी," हिलाल म्हणाला.

"रागावणारच. उतरेल चार दिवसांत."

"सतरा वर्षं, शेठ."

नगावला तो लिंबाखाली थांबला. तिथंही कुणी नव्हतं.

देवपुरात हिलालच्या गल्लीत गाडी वळली आणि त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. त्याच्या दारात चपलांचा ढीग होता. ओट्यावर निंबा मास्तर बसले होते, शाळा टाकून. उखर्डू आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. मेथीवाल्या दोघी बेबाबाईला दोन्हीकडून धरून होत्या. बेबाबाई रडत होती. का, ते तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

रुपचंद खाली उतरला. सगळ्यांकडे बघून त्यानंही टोपी काढली.

आतून वच्छलाबाई आली. पायऱ्या उतरून, लोकांतून वाट काढत ती हिलालपाशी पोहोचली आणि तिनं त्याच्या गालावर हात ठेवला.

"तू थांबना नही, तव्हयच समजनं माले," ती म्हणाली. "कोन गयं रे, भाऊ?"