वाकड्या पट्ट्या

मुखवटेवाल्या हॅकरांच्या टोळीने एका औषध कंपनीच्या संगणकांत घुसून तिच्या एका गोळीबद्दलच्या दडवलेल्या तक्रारी जगजाहीर केल्या, तेव्हा शिवणकाम करणाऱ्या मावशीच्या काळजात धस्स झालं. मनाच्या दुखण्यावरच्या त्या गोळीची तक्रार तिनेही केली होती, घरच्यांच्या नकळत. "बघ गं, माझं नावही असेल. अब्रू गेली," ती भाचीला म्हणाली. भाचीने यादी उघडली. ‘वय चोपन्न, शिवणकाम, गोळीमुळे हात थरथरतात.’ ओळ मावशीचीच होती, पण नावावर काळी पट्टी. तशीच प्रत्येक नावावर. "तरी चोर ते चोरच," भाची फणकारली. मावशीने चष्मा लावला. पट्ट्या कुठे वाकड्या, कुठे लांब. "हे यंत्राचं काम नव्हे, बाळा. त्या चोरांतल्याच कुणीतरी बसून हाताने एकेक नाव झाकलंय, हजारो नावं." तिने थरथरते हात जोडले. "चोर घरात शिरला खरा, पण जाताना उघड्या पडलेल्यांवर पांघरूण घालून गेला."