फोनवरचा अबोला

लेक रोज फोन करायची आणि एक अक्षर बोलायची नाही. ही कुठली वागण्याची तऱ्हा? लॉन्ड्रीवाल्या बाईंनी फोन दुरुस्तीवाल्याच्या काचेवर आपला फोन आपटला.

"हा नंबर बंद कर. नवा दे. छळ झालाय नुसता."

दुरुस्तीवाल्याने चष्मा कपाळावर चढवला. "कोण छळतंय, मावशी?"

"पोटची पोर. दुसरं कोण एवढं मनापासून छळणार?"

त्यांच्या घरात भांडणाची रीत एकच. अबोला. आधी बोलेल तो हरला. एकदा सुरू झाला की घरात फक्त भांडी बोलायची. या वेळी बिनसलं ते धुलाईच्या मोठ्या मशीनवरून. लेक म्हणत होती, आणू या. बाई म्हणाल्या, माझे हात धडधाकट आहेत तोवर मशीनचं नाव काढायचं नाही. लेकीने बॅग भरली आणि लांबच्या एका हॉटेलात चादरी धुवायच्या नोकरीला निघून गेली. मग फोन सुरू झाले. घंटी वाजायची, बाई कानाला लावायच्या, पलीकडे सामसूम. आपण होऊन फोन करायचा आणि त्यावर अबोला धरायचा, हा प्रकार त्या घरातही नवा होता.

बाई मात्र गप्प बसायच्या नाहीत. रागावणं म्हणजे काही बोलणं नव्हे, असा त्यांचा हिशेब. लेकीच्या नाकावरच्या रागापासून सुरुवात करून त्या पार तिच्या आत्यापर्यंत जायच्या. दमल्या की इकडचं तिकडचं निघायचं. शर्टांच्या कॉलरी पहिल्यासारख्या जमत नाहीत. गुडघा जिना चढू देत नाही. तुझ्या पलंगावर मांजर झोपतं, मी उठवत नाही, कुणीतरी असावं तिथे. बोलायला काय जातंय, ती थोडीच ऐकतेय. फोन बाजूला ठेवून बसली असेल.

"बंद करतो," दुरुस्तीवाला म्हणाला. "आधी चालतोय का ते तरी बघू." त्याने आपल्या फोनवरून नंबर लावला आणि आतल्या खोलीत गेला.

बाईंनी फोन कानाला लावला. सामसूम. "घ्या," त्या पुटपुटल्या, "या मेल्यानेही अबोला धरला."

मेला हसत बाहेर आला. "मी आतून ओरडत होतो, मावशी. तुमचा आशीर्वाद मात्र नीट पोचला."

त्याने फोनच्या बुडाशी, चार्जरच्या खाचेत, बॅटरीचा उजेड मारला. मग पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातलं टोपीसारखं चित्र दाखवलं. "हे हेडफोनचं चित्र. कधीपासून आहे?"

"मला वाटलं नक्षी आहे."

"खाचेत बारीक पट्ट्या असतात. काहींतून करंट येतो. या दोन नुसत्या चौकशीला बसवलेल्या. दारात कोण आलंय, चार्जर का हेडफोन, एवढंच बघायचं. तुमच्या खाचेत काहीतरी पांढरं वाळलंय. त्याने पट्ट्या चिकटल्या. फोनला वाटतंय हेडफोन लावलाय, म्हणून समोरच्याचा आवाज तो तिकडे पाठवतो. घंटी तेवढी बाहेर वाजते."

"खळ असेल. कपड्यांची."

"खळीच्या हाताने फोन धरता?"

"मग काय? हात धुवून येईपर्यंत ती ठेवून देईल."

"आणि बाकीच्यांचे फोन?"

"गिऱ्हाईक दारात येतं. फोन तिच्यापुरताच ठेवलाय."

दुरुस्तीवाल्याने बारीक ब्रश घेतला. एकदम बाईंचा आवाज खाली आला.

"आणि मी बोलायचे ते?"

"ते सरळ जात होतं. माईक तुमच्या फोनचाच चालू होता. शब्द न् शब्द."

बाई स्टुलावर बसल्या. आत्या गेली. गुडघा गेला. मांजर गेलं. सगळं तिकडे पोचलं होतं.

चित्र पडद्यावरून नाहीसं झालं. दुरुस्तीवाल्याने फोन पुढे केला. "आता नंबर बंद करू?"

बाईंनी फोन हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतः अबोला मोडला. फोन लावला.

"आई?" लेक दचकली. तिच्या मागे मशिनं घरघरत होती. "तू केलास? बरी आहेस ना?"

"इतके दिवस तू बोलत होतीस?"

"म्हणजे काय. रोज."

"मला एक शब्द ऐकू आला नाही. फोन बिघडला होता. तू काही विचारलंस तर मी उत्तर देत नाही, आपलंच रेटतेय, हे तुला कळलं नाही?"

लेक अगदी साधेपणाने म्हणाली, "त्यात वेगळं काय होतं, आई?"

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. दुरुस्तीवाला उगाच काच पुसत राहिला.

"चिवट आहेस," बाई म्हणाल्या. "माझ्यावर गेलीस. आता पहिल्यापासून सांग, मशीनपासून. मी मध्ये बोलत नाही."